मसाला आधी की मागून?

अर्धा किलो अंडरकट, बॉटल मसाला, लसूण, मीठ आणि एक बिडाचा तवा. एवढ्या सामानावर दोन जाणती माणसं तासभर भांडू शकतात, हे मी मुंबईतल्या मरोळच्या गावठाणातल्या एका स्वयंपाकघरात पाहिलं. मामा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती समाजातले, सत्तरी ओलांडलेले, उमेदीची सगळी वर्षं बंदरात नोकरी केलेले. रविवारचं मांस दुसऱ्या कोणाच्या हाती न देणारे. भाची हॉटेलच्या किचनमध्ये ग्रिल सांभाळते. घरात मराठीच चालते. मामांच्या बोलण्याला जुन्या गावाचा हेल आहे, पण तो कागदावर उतरवायला गेलो तर नक्कल होईल, म्हणून इथे तो सोडून दिला आहे.

करायचे होते स्टेकचे तिखट तुकडे. अख्खा स्टेक नाही. इंच-सव्वा इंचाचे चौकोन, कडकडीत तव्यावर बाहेरून खरपूस, आतून रसाळ. सुरुवातीलाच एक खुलासा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ मध्ये त्या कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीखाली आले. त्यामुळे मुंबईत खाटकाकडे जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. ही माहिती राजकारणासाठी देत नाही, पाककृतीसाठी देतोय. मोबाइलवर दिसणारे स्टेकचे व्हिडिओ असतात दाणे खाऊन पोसलेल्या, मांसातच चरबीच्या बारीक शिरा असलेल्या जनावराचे. आपल्याकडचं मांस गडद आणि कोरडं, चरबी पांढरीशुभ्र आणि तीही बहुतेक बाहेरच्या बाजूला. व्हिडिओत दाखवतात तसं सगळं करूनही चामड्यासारखा तुकडा चावत बसलेली माणसं मला माहीत आहेत.

मामांनी वाडग्यात मांस घेतलं आणि मसाल्याच्या बाटलीचं बूच काढलं. तिथेच पहिली ठिणगी पडली.

भाची: मामा, मसाला आत्ता नको.

मामा: मग कधी? ताटात वाढल्यावर?

भाची: तवा उतरवायच्या अर्धा मिनिट आधी.

मामा: म्हणजे मांस अळणी आणि मसाला वरवरचा. हॉटेलात चालत असेल. इथे मसाला मुरावा लागतो. तुझी आजी रात्रीच लावून ठेवायची.

भाची: आजी कशात करायची? टोपात. झाकण ठेवून, पाऊण तास. तिथे रात्री लावलेला मसाला बरोबरच होता. मी तव्यावर करतेय, सगळं मिळून पाच-सात मिनिटांत. तवा दोनशे अंशांच्या वर जातो. तुझ्या बाटलीत नुसती मिरची नाही. गहू आहेत, चण्याची डाळ आहे, तीळ, खसखस आहे. ही सगळी पूड त्या तव्यावर किती वेळ तग धरेल? वीस सेकंदांत काळी. मग कडू. आणि मिरचीचा ठसका असा उठेल की वरच्या मजल्यावरचे खाली येतील.

मामा: येऊ देत. घरात काहीतरी चांगलं शिजतंय हे त्यांनाही कळू दे.

भाची: आणि मांस करपलेल्या पिठाखाली पांढरं राहील, त्याचं काय?

इथे भाचीची बाजू जरा सविस्तर मांडतो, कारण सगळी मेख इथेच आहे. मांसाला जो तपकिरी रंग आणि भाजलेला वास येतो तो मांसातल्या प्रथिनांचे घटक आणि साखर उष्णतेने एकत्र आल्यामुळे. लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ती जोरात चालायला साधारण १४० अंश सेल्सिअस आणि त्यापुढची आच लागते. पाणी शंभरालाच उकळतं. म्हणजे मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभराच्या पुढे सरकत नाही. पाणी उडून जाईपर्यंत मांस भाजत नाही, वाफेवर शिजतं. त्यावर ओल्या वाटणाचा थर असेल तर आधी ते पाणी उडणार, मग पूड जळणार, आणि मांसाची पाळी येईपर्यंत आतलं सगळं कडक झालेलं असणार. तिखटपणा आणि खरपूसपणा एकाच वेळी एकाच तव्यावर मागितले की ते एकमेकांच्या मुळावर येतात. घरी केलेले तिखट तुकडे बिघडतात ते बहुतेक याच कारणाने.

मामांना हे पटलं नाही असं नाही. त्यांना ते महत्त्वाचंच वाटलं नाही.

मामा: तू सारखी वरच्या रंगाचं बोलतेस. मी आतल्या चवीचं बोलतोय. मसाला आत गेला पाहिजे.

भाची: जातच नाही. रात्रभर ठेवलास तरी मसाल्याची चव वरच्या काही मिलिमीटरपुरतीच राहते. आत जातं ते मीठ. आजीच्या मांसाला आतपर्यंत चव असायची ती मिठाची, आणि नंतर पाऊण तास रश्शात शिजल्याची.

मामा: आणि ताडीचं व्हिनेगर?

भाची: तेही वरच. जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर भुसभुशीत होतो, तसा झालेला मी तुझ्याच घरी खाल्लाय. मीठ मात्र तू रात्री लाव, माझी हरकत नाही. नाहीतर अगदी तव्यावर टाकताना लाव. मधल्या वेळेला नको. मीठ लावल्यावर दहा-वीस मिनिटांत पाणी सुटून वर येतं आणि तसंच वर बसून राहतं. चाळीस मिनिटं थांबलास तर तेच पाणी मीठ घेऊन पुन्हा आत शिरायला लागतं.

मामा: हे मला माहीत होतं.

भाची: चाळीस मिनिटं?

मामा: मिनिटं नाही. घाईघाईत मीठ लावलं की तव्यावर पाणी होतं, हे माहीत होतं.

हे अगदी मामांसारखं उत्तर. त्यांच्याजवळ आकडे नसतात, पण हातात अनुभव असतो. कागदावरचा नियम त्यांच्या हातातल्या गोष्टीशी जुळला की ते त्याच्याशी भांडत नाहीत, नुसते मान डोलावतात.

पुढचा वाद मांसाच्या तुकड्यावरून. भाचीने अंडरकट आणला होता: पाठीच्या कण्याला आतून चिकटून असलेला लांबट स्नायू. जनावर चालताना-उठताना त्याला फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ. त्याच कारणाने चवीलाही सौम्य.

मामा: सौम्य कसला, फिका! जास्त पैसे मोजायचे आणि बेचव मांस आणायचं. मी खांद्याचं आणतो. काम केलेलं मांस. त्याला वास असतो.

भाची: त्याला जाळीही असते. पांढरे पडदे, शिरा. ते तव्यावर पाच मिनिटांत विरघळत नाहीत.

मामा: दोन तासांत विरघळतात. मला कुठे गाडी पकडायचीय?

हे एक वाक्य बाकीच्या सगळ्या शास्त्राला पुरून उरलं. खांद्याच्या आणि मांडीच्या मांसातला चिवट भाग मंद आचेवर, ओलाव्यात, हळूहळू जिलेटिन होतो; त्यानेच रश्शाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. अंडरकटमध्ये चिकटपणा देणारं तसं काही नाहीच, म्हणून तो तासभर शिजवला तर कोरडा भुसा होतो. दोघांच्या पद्धती आपापल्या तुकड्यापुरत्या बरोबर आहेत. मामांची कृती भाचीच्या तुकड्याला लावली की बिघडते, भाचीची मामांच्या तुकड्याला लावली की बिघडते. तरी बहुतेक घरांत होतं काय, तर खाटीक देईल ते बोनलेस घ्यायचं आणि मोबाइलवर आवडलेली कृती त्याच्यावर चालवायची.

मधला एक उपाय मामांनी सुचवला: कच्च्या पपईचा कीस. पपईतल्या पेपेनने चिवट मांस मऊ होतं, हे खरंच. पण अंडरकटला त्याची गरज नाही, आणि जास्त वेळ लागला तर पृष्ठभागाचा लगदा होतो, जो तव्याला चिकटतो. भाचीने पपई परत टोपलीत ठेवली. मामांनी ती पुन्हा बाहेर काढून ओट्यावर ठेवली, पण वापरली नाही.

मग खरी लढाई लागली ती ताजेपणावरून.

मामा: हे कधी आणलंस?

भाची: परवा.

मामा: परवा! दोन दिवसांचं शिळं मांस?

भाची: शिळं नाही, थांबवलेलं. फ्रिजमध्ये, जाळीवर, उघडं. तू सकाळी सहाला ताजं आणतोस ना, त्यावेळी जनावर कापून काहीच तास झालेले असतात. स्नायू अजून आखडलेले असतात. थंडीत एक-दोन दिवस ठेवलं की ते सैल पडतात, मांसातलेच एन्झाइम धागे तोडायला लागतात. मोठ्या हॉटेलांत दोन-तीन आठवडे ठेवतात. मी दोनच दिवस ठेवलं. वरून कोरडंही झालं, म्हणजे तव्यावर पाणी नाही.

मामा: आमच्या वेळी फ्रिज कोणाकडे होता? दुपारपर्यंत शिजवलं नाही तर वास यायचा. ताजं खायचं, हाच नियम.

भाची: तो नियम हवेचा होता, मांसाचा नव्हता.

मला दोघांचंही ऐकून घ्यावंसं वाटलं. मुंबईच्या दमट उकाड्यात उघड्यावर टांगलेलं मांस संध्याकाळपर्यंत ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण, आणि मामांचा नियम तिथे सोळा आणे खरा. पण चार अंशांच्या आसपास टिकणारा फ्रिज घरात आला तेव्हा नियमामागचं कारण गेलं. नियम तेवढा मागे राहिला. फक्त वीज वारंवार जात असेल, किंवा फ्रिजचं दार दिवसभर उघडझाप होत असेल, तर मामांचंच ऐकावं.

तवा तापायला ठेवला. बिडाचा जाड तवा तापायला वेळ घेतो, पण मांस पडल्यावर त्याची आच चटकन उतरत नाही. घरच्या गॅसवर यासाठी त्याच्यासारखं दुसरं भांडं नाही. नॉनस्टिक इथे बाद, कारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर सहज पोचतो. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं. लोणी आत्ता नाही, ते जळतं.

मामा: आता मोठी आच. बाहेरून एकदम भाजलं की तोंड बंद होतं, रस आत कोंडला जातो.

भाची: मामा, हे तुझं नाही. हे लीबिगचं.

मामा: कोण हा?

भाची: जर्मन केमिस्ट. १८४७ मध्ये त्याने हे लिहिलं आणि जगभरच्या किचननी ते धरून ठेवलं. पुढे हॅरल्ड मॅकगी नावाच्या लेखकाने १९८४च्या आपल्या पुस्तकात ते खोडून काढलं. रस कोंडला जात नाही. तू कान दे. तो चर्र आवाज येतोय ना, तो बाहेर येणाऱ्या पाण्याचाच आहे. तोंड बंद झालं असतं तर तवा गप्प बसला असता.

मामांनी खरंच कान दिला. तवा बोलत होता.

मामा: मग एवढी आच कशाला?

भाची: चवीसाठी. रंगासाठी. रसासाठी नाही.

तुकडे तीन हप्त्यांत गेले. एकदम सगळे टाकले की तवा थंड पडतो आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकळायला लागतं. अर्धा किलोला दोन-तीन हप्ते हवेतच. टाकल्यावर हलवायचं नाही, ही भाचीची दुसरी अट. मामांच्या हातात कालथा होता आणि तो सतत पुढे येत होता. प्रत्येक बाजूला मिनिटभर, की उलटायचं, बाहेर काढायचं, पुढचा हप्ता.

मधेच मामांनी एक मुद्दा असा काढला की भाचीला थांबावं लागलं.

मामा: तू म्हणतेस मसाला जळतो. मग ते अमेरिकेत काळं करून खातात ते काय? तूच एकदा करून घातलं होतंस.

त्यांचा रोख लुइझियानाच्या पद्धतीवर होता. पॉल प्रुडोम या शेफने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये उघडलेल्या हॉटेलात माशाच्या तुकड्याला वितळलेलं लोणी आणि मिरची आणि ओव्यासारख्या वासाच्या पानांचा कोरडा मसाला लावून तो तापून पांढऱ्या पडलेल्या लोखंडी तव्यावर मुद्दाम काळा केला. १९८०च्या दशकात हा पदार्थ इतका गाजला की मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले.

भाची: बरोबर. पण त्या मसाल्यात डाळ नाही, गहू नाही, तीळ नाहीत. आणि धूर इतका होतो की तो प्रकार बाहेर अंगणात करावा, असं तिथेच सांगतात. आपल्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे कपडे वाळताहेत.

मामा: म्हणजे मसाला आधी लावला तर चालतो, एवढं कबूल.

भाची: तो मसाला. हा नाही.

मामा: हा मसाला त्यापेक्षा जुना आहे.

भाची: यातली मिरचीच पोर्तुगीजांनी आणली. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी त्यांच्या हातात आली, त्याआधी इथल्या मसाल्यात मिरची नव्हती. म्हणजे तुझ्या पूर्वजांनीही कधीतरी मागून आलेली वस्तू मसाल्यात घातलीच की.

आणि मग तिने तो युक्तिवाद केला ज्याच्यापुढे मामांकडे उत्तर नव्हतं.

भाची: हा मसाला कच्चा राहील म्हणतोस. कच्चा कसा राहील? एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवल्या, एकेक जिन्नस वेगळा भाजला, मग कुटला, मग बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने दाबून भरला. सगळं भाजणं तेव्हाच झालंय. त्याला आता फक्त ऊब हवी आणि तूप-तेल हवं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात उतरत नाही, चरबीत उतरतो. तू त्याला दुसऱ्यांदा भाजतोस.

मामा काही बोलले नाहीत. वर्षाचा मसाला घरात भरला जातो तेव्हा भाजणीवर नजर ठेवायला तेच उभे असतात.

शेवटचा हप्ता निघाला. भाचीने गॅस बंद केला. तव्यात लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, मग दोन चमचे बॉटल मसाला, लगेच ताडीच्या व्हिनेगरचा एक शिडकावा. तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी कालथ्याने खरवडून त्यात मिसळला. सगळे तुकडे आणि ताटलीत जमा झालेला रस परत आत. वीस-तीस सेकंद उलटसुलट. वास असा सुटला की मी लिहिणं थांबवलं.

एक तुकडा कापला. आत गुलाबी.

मामा: रक्त आहे.

भाची: रक्त नाही. मायोग्लोबिन. स्नायूतलं प्रथिन, त्याचा रंग.

मामा: नाव काहीही ठेव. मी नाही खाणार.

भाची: जंतू असतात ते कापलेल्या मांसाच्या बाहेरच्या बाजूला. ती बाजू आपण चांगली भाजली. थर्मामीटर लावू? अमेरिकन सरकारचा सल्ला अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं थांबणं, एवढाच आहे.

मामा: मांसाला ताप आलाय का बघतेस? आणि तुझं लक्ष नव्हतं तेव्हा मी काट्याने टोचून ठेवलं होतं, मीठ आत जावं म्हणून. त्याचं काय?

भाचीचा चेहरा बदलला. टोचलेल्या मांसात बाहेरचं आत गेलेलं असतं. खिम्याला ७१ अंश सांगतात ते याच कारणाने. इथे मामांचा हट्ट आणि भाचीचं शास्त्र एकाच बाजूला आले, फक्त कारणं वेगळी होती. तिने न बोलता गॅस पेटवला आणि सगळेच तुकडे आणखी दीड मिनिट तव्यावर फिरवले. रंग गुलाबीवरून करडा झाला. थोडा रस गेला, पण म्हशीच्या अंडरकटलाही तेवढं सोसतं. आणखी दोन मिनिटं मात्र सोसलं नसतं.

जेवताना मामांनी पाव मोडून तव्यातलं लोणी-मसाल्याचं पुसून घेतलं. तुकड्यांपेक्षा त्याचीच तारीफ जास्त केली. माझं मत विचारलं नाही कोणी, तरी सांगतो: तव्यावर करायचं असेल तर मसाला मागूनच. पण मामांचा खांद्याचा तुकडा दोन तास शिजलेला मी खाल्ला आहे, आणि निवड करायला सांगितली तर मी त्याच्याकडेच जाईन.

मामा: पुढच्या वेळी खांद्याचं करू, टोपात. तू ये.

भाची: रविवारी ड्युटी आहे.

मामा: मग सोमवारी ये. मी शनिवारी सकाळी आणतो.

भाची: शनिवारी आणून सोमवारी? म्हणजे दोन दिवस फ्रिजमध्ये?

मामा: ते वेगळं. त्याला मसाला लावलेला असेल.